एका हिवाळ्याची हवा

मी सिलिंडर बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी ओळख करून द्यायची वेळ आली की निम्मे लोक तिथेच घसरतात. माझ्या जिवावर कधी कपभर पाणीसुद्धा उकळलेलं नाही. माझ्या पोटात आहे ती नुसती हवा. तुम्ही आत्ता नाकाने घेताय तसलीच, फक्त मोजूनमापून भरलेली.

समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, दारामागच्या कोपऱ्यात इतकी वर्षं माझा मुक्काम होता. उंची म्हणाल तर माणसाच्या खांद्याएवढी, अंगाने सडपातळ. कमरेला साखळी घालून मला भिंतीशी बांधून ठेवलेलं. गुन्हा काही केलेला नाही. पडलो आणि डोक्यावरची चावी तुटली, तर आतल्या दाबाने मी सुसाट सुटेन आणि भिंत फोडून शेजारच्या खोलीत जाईन, अशी सगळ्यांना धास्ती. मी जन्मात कधी स्वतःहून जागचा हललेलो नाही, पण आमच्याबद्दल आधी वाईट विचार करून ठेवायचा अशीच पद्धत आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. ॲल्युमिनियमचा ठोकळा दाबून, ओढून मला घडवलं. बाहेरून मी कसा दिसतो याची कुणी फिकीर केली नाही. आतून मात्र घासूनपुसून लख्ख केलं, कारण आत एवढासा मळ राहिला तरी हवा बिघडते. मग मला वस्तीपासून फार लांब, एका उंच डोंगरावर नेलं. हिवाळा होता. तिथली कोरडी, स्वच्छ हवा माझ्या पोटात दाबून भरली आणि पुढे कितीतरी दिवस तिची मोजणी चालली. तिच्यात मिथेन किती, नायट्रस ऑक्साइड किती, हे अगदी दशांशापर्यंत ठरलं आणि तो आकडा एका पट्टीवर लिहून माझ्या गळ्यात अडकवला.

पृथ्वीचा ताप वाढवणाऱ्या गॅसांमधले हे दोघे, म्हणून त्यांची एवढी चौकशी. बाहेरच्या हवेत ते दरवर्षी थोडे थोडे वाढत जातात. माझ्यात वाढत नाहीत. मला भरलं त्या हिवाळ्याची हवा आता बाहेर कुठेही उरलेली नाही, फक्त माझ्यात आहे. ऐकायला हे छान वाटतं. पण आपल्या वेळचं कुणीच उरलं नाही की माणूस कसा एकटा पडतो ते तुम्ही घरोघरी पाहिलं असेल. मी पहिल्या दिवसापासून तसा आहे.

आता माझं काम. समुद्राच्या पाण्यात गॅस विरघळलेले असतात. काही हवेतून आत जातात, काही तळाच्या चिखलात तयार होऊन वर येतात, आणि त्यातले काही पुन्हा हवेत निसटतात. किती निसटतात ते कळलं तर पुढचा अंदाज बांधता येतो. म्हणून पाण्याच्या बाटल्या भरून आणायच्या आणि त्यातला गॅस यंत्राला द्यायचा. त्या यंत्राचं नाव लांबलचक आहे, सगळे त्याला यंत्रच म्हणतात. ते लहरी आहे. सकाळी एक सांगतं, दुपारी दुसरं. म्हणून त्याला मधूनमधून माझी हवा पाजायची. माझा आकडा ठरलेला, त्यावरून बाकीच्यांचा काढायचा. समुद्राचं माप माझ्यावरून घेतात आणि समुद्र मी पाहिलेला नाही. खिडकी होती, ती नेमकी माझ्या मागच्या भिंतीला.

माझ्या डोक्यावरच्या तबकडीत एक काटा आहे. हवा खर्च होईल तसा तो उतरतो. एका खुणेच्या खाली गेला की माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण तोवर आतल्या भिंतीला चिकटून बसलेला गॅस सुटायला लागतो आणि आकडा बदलतो. म्हातारपणी माणसं कालची गोष्ट परवाची म्हणून सांगतात ना, तसं. त्यामुळे आम्हाला रिकामं होईस्तोवर कुणी वापरत नाही. खूण आली की रजा.

रजेआधी मात्र एक रीत पाळायची असते. जुना जायच्या आधी नव्याला त्याच्याशेजारी उभं करायचं आणि एकाच यंत्राला दोघांची हवा आळीपाळीने द्यायची, दिवसभर. मग जुन्यावरून मोजलेलं आणि नव्यावरून मोजायचं, दोन्ही एका मापात बसतं. हे राहून गेलं तर आधीची सगळी वर्षं एका काठीने मोजलेली, पुढची दुसऱ्या काठीने, आणि दोन काठ्या सारख्या आहेत की नाहीत हे सांगायला कुणी नाही. माझ्या आधी इथे एक म्हातारा सिलिंडर होता. त्याने मला असंच सोबत घेऊन माप दिलं. तेवढा एक दिवस मी कुणाशेजारी उभा होतो. संध्याकाळी ढकलगाडी आली आणि त्याला घेऊन गेली.

ते माप होतं मॅडमच्या कामाचं. मॅडम ह्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. तरुण होत्या तेव्हापासून त्या दर महिन्याला होडीने समुद्रात एकाच ठरलेल्या जागी जातात आणि पाणी घेऊन येतात. ऊन असो, वादळाची भीती असो, स्वतःला ताप असो. एवढ्या वर्षांची अशी सलग मालिका आसपास कुणाकडेच नाही. मॅडमचा संसार म्हणाल तर तोच. माणसं त्यांना दबकून असतात. त्या कधी ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं, असं सगळ्यांना वाटतं.

दुसरा रहिवासी म्हणजे 'उद्या'. त्याचं खरं नाव वेगळं असणार, पण ते मी ऐकलेलं नाही. बिचाऱ्याचा प्रबंध कित्येक वर्षं संपत आलाय. "कधी लिहिणार?" म्हटलं की तो मान हलवून म्हणतो, "उद्या." मनाने वाईट नाही. कानात गाणी घालून बसतो आणि जेवणाच्या वेळेला उठतो.

आणि मग एके सकाळी ती आली. पीएचडीला नवीन, म्हणून नावच 'नवी' पडलं. खांद्यावर स्वतःपेक्षा मोठी पिशवी, चेहऱ्यावर सगळ्यांकडे बघून ठेवलेलं हसू. ते हसू तिने दुपारपर्यंत धरून ठेवलं, मग दमली. मॅडमनी तिला विषय दिला: किनाऱ्याजवळच्या समुद्रातून मिथेन किती बाहेर पडतं ते काढायचं. वाचायला गठ्ठाभर निबंध दिले, टेबल दाखवलं आणि त्या निघून गेल्या. टेबल भिंतीकडे तोंड करून होतं, माझ्या अगदी जवळ.

पीएचडीची सुरुवात किती सुनी असते ते मी तेव्हा जवळून पाहिलं. तिला कुणी त्रास दिला नाही. कुणी काहीच दिलं नाही, खरं म्हणजे. "काय, कसं चाललंय?" असं जाता जाता विचारायचे, आणि ती तोंड उघडेपर्यंत पुढे गेलेले असायचे. भाड्याची खोली दूर, घरमालकाचा दरवाजा कायम लावलेला. डबा उघडायची तो भिंतीकडे बघत. एक पान वाचायची, तेच पुन्हा वाचायची, मग कपाळ टेबलावर टेकवून बसायची.

एके दिवशी ती खुर्चीसकट माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "काय हो, तुम्हालाही कुणी बसा म्हणत नाही वाटतं?"

मला इतक्या वर्षांत कुणी 'अहो' केलं नव्हतं. मला आवडलं ते. दोन-चार दिवसांत 'अहो'चं 'अरे' झालं, तेही आवडलं. मग ती मला सगळंच सांगायला लागली. कुठला निबंध डोक्यावरून गेला, मॅडम आज काय म्हणाल्या नाहीत, घरमालकाच्या मांजराने तरी आज तिच्याकडे पाहिलं.

पहिल्यांदा होडीवर जाऊन आली तेव्हा तर संध्याकाळभर बोलत होती. तिला होडी लागली होती. एका हाताने कठडा धरून उलट्या करायच्या आणि दुसऱ्या हाताने बाटल्या भरायच्या. त्या भरणं सोपं नाही. नळी तळापर्यंत सोडून पाणी भरपूर वाहू द्यायचं, बुडबुडा एकही राहता कामा नये, नाहीतर पाण्यातला गॅस त्या बुडबुड्यात जाऊन बसतो आणि बाटली फुकट. मग आतले जिवाणू मरावेत म्हणून विषाचा थेंब टाकायचा, कारण ते जगले तर गॅस खाऊन टाकतात किंवा नवा करतात. मग रबरी बूच, वर पत्र्याची टोपी. "सगळ्या भरल्या रे," ती म्हणाली, "एकीतही बुडबुडा नाही. नावाडी म्हणाला, तुमचा जीव जाईल पण बाटली नाही जायची." हे सांगताना तिचा चेहरा अजून हिरवट होता, पण डोळ्यांत इतका आनंद की मला वाटलं, ही टिकणार.

त्या बाटल्या शीतपेटीत गेल्या. काही महिन्यांत मोजून व्हायला हव्यात, पुढे त्यांचा भरवसा नाही. आणि वर्षाच्या शेवटी तिची समिती. बाहेरचे प्राध्यापक येतात, वर्षभरात काय केलं ते बघतात. दाखवायला निकाल असला तर पुढे चाल, नसला तर तिचं नाव काढून टाकायचाही त्यांना अधिकार. घरी परत जावं लागतं. तिच्या आधी एक मुलगा असाच गेला होता.

तिने माझ्यावर हात बसवायला सुरुवात केली. यंत्र चालवायला शिकायचं, मला रोज जोडायचं, नळी माझ्याच हवेने धुऊन घ्यायची, काम झालं की आधी डोक्यावरची मोठी चावी बंद करायची आणि मग खालची छोटी. मॅडमनी हे एकदाच सांगितलं होतं. नवी मात्र रोज पुटपुटायची, "आधी मोठी, मग छोटी."

सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. हातात मोजे होते म्हणून तिने फोन मोठ्या आवाजात टेबलावर ठेवला. आईचा आवाज खणखणीत.

"कुणाशी ओळखबिळख झाली की नाही अजून?"

नवी माझ्याकडे बघून हसली. "झाली ना. एक आहे इथे. त्याच्याशी बोलते मी रोज."

"एक म्हणजे? कोण एक?"

"आहे असाच. शांत आहे. आपण बोलायचं, तो ऐकून घेतो."

"असा पुरुष मी तरी अजून पाहिला नाही. करतो काय?"

"मोजमापाच्या कामात आहे."

"बरं. दिसायला? उंचीबिंची?"

"माझ्या खांद्याला लागतो."

"अगं बाई!" आईने स्वतःला सावरलं. "असू दे. स्वभाव महत्त्वाचा."

"स्वभावाने एकदम सरळ. आज एक उद्या एक असं नाही. आणि भटकत नाही कुठे, एका जागी असतो."

"घरी कोण कोण आहे त्याच्या?"

आता नवीला हसू आवरेना. "आई, सिलिंडर आहे तो! हवेचा सिलिंडर!"

तिला वाटलं आईही हसेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण आईने हळू विचारलं, "म्हणजे तुला तिथे माणूस कुणीच नाही?"

"आहेत गं, आहेत. खूप आहेत. गंमत केली," नवी म्हणाली. तिने घाईने मोजे काढले, फोन उचलला, छोटी चावी फिरवली, यंत्र बंद केलं आणि दिवा घालवून ती निघून गेली.

मोठी चावी उघडीच होती.

कुठल्याशा जोडात बारीक फट होती. एरवी तिने काही बिघडत नाही, मोठी चावी लावलेली असते. पण सुट्टीभर माझी हवा त्या फटीतून जात राहिली. मला ओरडता येत नाही. अगदी बारीक सुसकारा येत होता, तोही शेजारी उभ्या माणसालाच ऐकू गेला असता, आणि शेजारी कुणी नव्हतं. त्या हिवाळ्याची माझी हवा खोलीत मिसळून जात होती आणि मी काटा उतरताना बघत होतो. मी घाबरलो होतो, हे सरळच सांगतो.

सुट्टी संपल्यावर ती सगळ्यांच्या आधी आली. माझ्याकडे बघून "काय रे, करमलं का?" म्हणाली आणि मग तिची नजर तबकडीवर गेली. काटा अडकला असेल म्हणून तिने टिचकी मारली. परत मारली. मग तिने साबणाचं पाणी आणून जोडांवर लावलं आणि एका जोडावर फेस फुगायला लागला तसा तिचा हात मोठ्या चावीवर गेला. चावी बंद करून ती तिथेच जमिनीवर, माझ्या पायाशी बसली.

'उद्या' आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्याने तबकडी पाहिली, कानातली गाणी काढली. एवढं त्याने कधी कुणासाठी केलं नव्हतं.

"रेग्युलेटर जुना झालाय, गळला, म्हणून सांग," तो म्हणाला.

"पण चावी मी उघडी ठेवली."

"ते तुला ठाऊक आणि ह्याला." त्याने माझ्याकडे हनुवटी केली. "हा कुठे बोलतोय?"

ती उठली, तोंड धुतलं आणि मॅडमकडे जाऊन जे झालं ते सांगून आली.

मॅडम आल्या. काट्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. नव्या सिलिंडरची मागणी आधीच गेलेली होती, पण तो भरून, मोजून, बोटीने यायचा होता आणि कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. मोठ्या प्रयोगशाळांतून माझ्यासारखे चार-चार उभे असतात. इथे मी एकटा. खुणेच्या वर आता एवढीच हवा राहिली होती की तिच्यात एकच काम झालं असतं. एकतर नवीच्या बाटल्या मोजायच्या, नाहीतर नवा येईपर्यंत मला हात न लावता ठेवायचं आणि त्याला माप द्यायचं. पहिलं केलं तर मॅडमची मालिका तिथेच तुटणार. दुसरं केलं तर नवी समितीसमोर रिकाम्या हाताने जाणार.

"तुझे नमुने कधीपर्यंत टिकतील?" मॅडमनी विचारलं.

"समितीच्या थोडं आधीपर्यंत."

"मग मोजून घे."

"पण मॅडम, तुमची इतक्या वर्षांची..."

"मी सांगितलं ना, मोजून घे." आणि त्या गेल्या. दाराची चौकट त्यांनी जाताना हाताने धरली, ते तिनेही पाहिलं आणि मीही.

'उद्या'ने एक तोड काढून पाहिली. खालच्या कार्यशाळेतून दाबलेल्या साध्या हवेचा सिलिंडर आणला, सध्या ह्याच्यावर भागव म्हणाला. त्या हवेत तेलाचा अंश निघाला. यंत्राने काय वाटेल ते आकडे दिले आणि पुढे कितीतरी दिवस ते धुऊन काढण्यात गेले. त्यानंतर त्याने गाणी परत कानात घातली.

मग एक विचित्र काळ सुरू झाला. रोज सकाळी नवी शीतपेटीतून बाटल्या काढायची, टेबलावर मांडायची. माझ्यापाशी येऊन मोठ्या चावीवर हात ठेवायची. हात तसाच राहायचा. मग बाटल्या परत आत. कुणी काही विचारत नव्हतं. मॅडमना वाटत होतं, मोजणी चालू आहे.

"मी जन्मले त्याच्या आधीपासून त्या पाणी आणतायत रे," एकदा ती मला म्हणाली. "आणि मी आल्या आल्या ते संपवू? तू सांग."

मी काय सांगणार होतो? वाटायचं, हिला म्हणावं, वापर मला, तुझं वर्ष वाचव, तू गेलीस तर मी कुणाचं ऐकू? आणि तेवढंच वाटायचं, नको, मला पुढे कुणाच्या तरी हाती माप द्यायचंय. इथपर्यंत येऊन माझा आकडा हवेत विरून जावा असं मला वाटत नव्हतं. दोन्ही वाटणं खरी होती. मला बोलता आलं असतं तर मी तिचा गोंधळ वाढवलाच असता.

बाटल्यांची मुदत संपली त्या दिवशी तिने त्या एकेक करून उघडल्या आणि विषारी पाण्याच्या डब्यात ओतल्या. ते पाणी मोरीत टाकता येत नाही. काम सावकाश करावं लागतं, नीट करावं लागतं, आणि तिने ते नीट केलं. शेवटची बाटली ओतून झाल्यावर ती रडली. आवाज न करता, डब्याचं झाकण घट्ट लावत लावत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नवा सिलिंडर आला. समितीला तेव्हा दोन दिवस राहिले होते. त्याला माझ्या शेजारी उभं करून साखळी घालत होते, तेवढ्यात मॅडम बघायला आल्या. त्यांची नजर सवयीने माझ्या काट्यावर गेली आणि तिथेच राहिली. काटा होता तिथेच होता.

"तू मोजलं नाहीस?"

"नाही, मॅडम."

"का?"

"माझं पाणी मला परत जाऊन आणता येईल. तुमचं नाही आणता येणार."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "मी तुला विचारलं होतं का? सरळ सांगितलं होतं मी! परवा समितीला काय दाखवणार आहेस? मी काय तोंड दाखवू तिथे?" त्या ओरडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. मग त्या गेल्या आणि त्यांच्या खोलीचं दार आपटलं.

नवीने दुसऱ्या दिवशी एकटीने माप जुळवलं. माझी हवा, त्याची हवा, पुन्हा माझी, पुन्हा त्याची. नव्याच्या अंगाला अजून रंगाचा वास येत होता. मी त्याला विचारलं, तुला भरलं तेव्हा थंडी कशी होती? म्हणाला, होती, पण पूर्वीसारखी राहिली नाही असं तिथली माणसं म्हणत होती. फार बोलका नव्हता. मीही पहिल्या दिवशी नव्हतो. काटा खुणेला टेकायच्या जरा आधी तिने कागद काढला, आकडे पाहिले आणि म्हणाली, "जुळलं." खोलीत कुणी नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं, मग ते मलाच पुन्हा एकदा सांगितलं.

समितीच्या दिवशी सकाळी मला सोडवलं आणि ढकलगाडीवरून इमारतीच्या मागे, जाळीच्या कुंपणात नेऊन ठेवलं. तिथून परत नेणारी गाडी येते. नेतात, राहिलेली हवा सोडून देतात, पुन्हा घासतात. पुढे दुसरी हवा, दुसरा आकडा. तेव्हाचा तो मी असेन का, हे मला माहीत नाही.

दुपारी ती मागच्या दाराने बाहेर आली. इस्त्रीचे कपडे, हातात न उघडलेली पाण्याची बाटली. माझ्याजवळच्या पायरीवर बसली.

"सगळं सांगितलं," ती म्हणाली. "चावी उघडी राहिली तेही. एकाने विचारलं, मग वर्षभर केलंत काय? मी म्हटलं, एक माप जुळवलं. ते हसले रे." तिने मागच्या दाराकडे पाहिलं. "आता मला बाहेर पाठवून आत ठरवतायत. आईला काय सांगू?"

तेवढ्यात गाडी आली. दोन माणसांनी मला उचलून मागे उभं केलं, दोरीने आवळलं. ती मदतीला उठत होती, पण त्याच वेळी मागचं दार उघडलं आणि मॅडम आल्या. दारातच उभ्या राहिल्या. नवीही उभी राहिली.

"सहा महिने दिलेत," मॅडम म्हणाल्या. "नमुने पहिल्यापासून. मग पुन्हा समिती. तेव्हा मात्र ते ऐकणार नाहीत."

नवीने मान हलवली.

"मी त्यांना सांगितलं, प्रयोगशाळा माझी आहे, सुट्टीआधी चावी मीही बघायला हवी होती." मॅडम पायरीकडे आल्या, साडी सावरून खाली बसल्या. अशा त्या कुठे बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. "बस. होडीवर मी येते ह्या वेळी. तुला लागते म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"नावाड्याने. मलाही लागायची. पहिली दोन वर्षं मी दर वेळी रडायचे, आणि घरी सांगायचे मजा येते." त्यांनी नवीकडे नीट पाहिलं. "जेवलीस का तू?"

"नाही."

"मीही नाही."

आणि नवी बोलायला लागली. आधी अडखळत, मग भरभर, मला सांगायची तसंच सगळं. भाड्याची खोली, मांजर, निबंधाचं तेच पान, ओतून टाकलेल्या बाटल्या. मॅडम ऐकत होत्या. मध्ये त्यांनी काहीतरी विचारलं. मध्ये त्या चक्क हसल्या.

आत्ता मी गाडीत उभा आहे आणि गाडी फाटकापर्यंत आलीय. पहारेकरी फाटक उघडतोय. एरवी ती धावत आली असती, माझ्या अंगावर थाप मारून दोन शब्द बोलली असती, याची मला खात्री आहे. तिचं लक्षच नाही. अजून बोलतेय, हातवारे करून बोलतेय. माझा निरोप घ्यायचा तिच्याकडून राहून गेला.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मला इथून तिच्याशेजारी बसलेलं माणूस दिसतंय. तेव्हा माझा निरोप तुम्हीच घ्या, आणि एवढंच करा: तिला हाक मारू नका, बोलू द्या.